गाडीचा एसी, अकोल्याचं ऊन आणि टपावरचं सोलर

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, की अगं एवढं ऊन आपल्याकडे फुकट पडतंय, मग गाडीच्या टपावर सोलर पॅनेल लावून त्याच्यावर एसी का नाही चालवत कुणी? घरावर लागतंय, शेतात पंपाला लागतंय, रस्त्यावरच्या दिव्याला लागतंय, मग गाडीलाच काय झालंय. प्रश्न एकदम बरोबर आहे. जेवढं ऊन जास्त तेवढा एसी जास्त लागणार, आणि जेवढं ऊन जास्त तेवढी वीज पण जास्त बनणार, म्हणजे गरज आणि पुरवठा दोन्ही एकाच वेळी. एवढी चांगली जोडी दुसऱ्या कुठल्या कामात सापडणं अवघड आहे. मी अकोल्यात राहते, एप्रिलअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ४२-४५ हे आमचं रोजचं असतं, नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) लागला की विचारूच नका, आणि कामासाठी रोज दुपारी गाडी काढावीच लागते, त्यामुळे ह्या विषयात मला मनापासून रस आहे. म्हणून यावेळी नीट हिशोब मांडला.

आधी ऊन किती मिळतं ते बघू. स्वच्छ दुपारी जमिनीवर एका चौरस मीटरला साधारण १००० वॉट एवढी ताकद पडते. आजचं चांगलं पॅनेल त्यातलं २०-२२ टक्के विजेत बदलतं, म्हणजे चौरस मीटरला २०० वॉटच्या थोडं वर. आता तुमच्या हॅचबॅकचा टप मोजा, कडा आणि गोलाई सोडून दीड चौरस मीटर सपाट जागा मिळाली तरी खूप. म्हणजे ३०० वॉट. हे झालं कागदावरचं. पॅनेलवर जे वॉट छापलेले असतात ते पॅनेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात आणि मे महिन्यात गाडीच्या पत्र्याला चिकटलेलं पॅनेल, ज्याच्या खालून वारा जायला जागाच नाही, ते आरामात ७० अंशाला जातं, आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. म्हणजे १५-१६ टक्के तिथेच गेली. वर आपल्याकडची धूळ. ३०० चे हातात येतात २४०-२५०.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. युरोपात सूर्य तिरका असतो म्हणून सपाट टपावरच्या पॅनेलला तिथे मार बसतो. आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, उभ्या काठीची सावली पण नाहीशी होते. म्हणजे ज्या दिवसांत एसीची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच टपावर सपाट ठेवलेलं पॅनेल सगळ्यात चांगल्या कोनात असतं. हे विदर्भ-मराठवाड्याला निसर्गाने दिलेलं आहे आणि मला वाटतं ह्याचा विचार आपणच करायला पाहिजे, बाहेरचा कुणी आपल्यासाठी करणार नाही.

आता एसीला किती लागतं. इलेक्ट्रिक गाडीत हे नीट मोजता येतं. उन्हात उभी असलेली गाडी चालू करून एसी फुल्लवर टाकला की सुरुवातीला अडीच-तीन किलोवॉट ओढतो, नंतर आतलं थंड झालं की कडक उन्हात किलोवॉट-सव्वा किलोवॉटवर स्थिरावतो. म्हणजे टपावरून येणारे २५० वॉट आणि लागणारे १००० च्या वर. पॅनेलवरून थेट एसी चालवायचा, म्हणजे ऊन पडलं की एसी सुरू आणि ढग आला की बंद, हे जमणार नाही. चौपट-पाचपट तफावत आहे.

बरेच लोक इथे येऊन थांबतात आणि "सोलरवर एसी शक्य नाही" असं ठोकून देतात. मला ते पटत नाही. कारण गाडी चोवीस तास चालत नाही ना. माझी गाडी दिवसाला तास-सव्वा तास चालते आणि बाकी वेळ कुठेतरी उभी असते. टाकीत दिवसभर बारीक धारेने पाणी साठवायचं आणि संध्याकाळी नळ मोठा सोडायचा, अकोलेकरांना हे शिकवायची गरज नाही. २५० वॉटने पाच तास भरले तर सव्वा युनिट साठतं (एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर). सव्वा युनिट म्हणजे साधारण तासभराचा एसी. दिवसभराच्या उन्हात तासभराचा थंडावा! ज्याचं घर ते ऑफिस अर्ध्या तासाचं आहे त्याचा जाऊन-येऊन एसी फुकट निघतो की. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकणाऱ्याचा नाही निघणार, पण अकोला, अमरावती, जळगाव, नांदेड अशा गावात निघू शकतो.

पण हे सगळं कुठल्या गाडीत? हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि ऑनलाईन पॅनेल विकणारे तो सांगतच नाहीत. आमच्या इथल्या एसी मेकॅनिककडे मी मुद्दाम जाऊन विचारलं. त्याने बोनेट उघडलं, टॉर्च मारला आणि इंजिनच्या बाजूला खाली एक काळा रबरी पट्टा दाखवला. "ताई, हा बेल्ट बघा. इंजिन फिरलं की बेल्ट फिरतो, बेल्ट फिरला की हा कॉम्प्रेसर, एसीचा गॅस दाबणारा पंप. तुम्ही एसीचं बटन दाबता तेव्हा फक्त हा समोरचा क्लच चिकटतो, टक्क आवाज येतो बघा तो. याला फिरवायला वीज लागतच नाही, मग सोलर जोडणार कुठं?" इतकं सोपं आहे. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या ताकदीवर फिरतो. टपावर १०० वॉट लावा नाहीतर ५०० वॉट लावा, इंजिन बंद असेल तर थंड हवा येणार नाही, आणि इंजिन चालू असेल तर सोलरचा एसीला काही उपयोग नाही. फार तर १२ व्होल्टची बॅटरी भरेल. ती पण बघा, ४० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम अर्धं युनिट, तेही पूर्ण वापरलं तर बॅटरीच जाते. त्यामुळे पेट्रोल गाडीवाल्यांनो, "सोलर एसी किट" म्हणून कुणी काही गळ्यात मारत असेल तर आधी एवढंच विचारा, की कॉम्प्रेसर कशावर फिरणार.

हायब्रिड (इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्ही असलेल्या) आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मात्र कॉम्प्रेसर विजेवर चालतो, टोयोटाने २००३ च्या प्रियसमध्येच तो आणला होता. तिथे सोलरची वीज खरंच एसीपर्यंत पोचू शकते. आणि ह्याच प्रियसच्या पुढच्या मॉडेलमध्ये, म्हणजे २००९ च्या, टोयोटाने टपावर छोटं सोलर पॅनेल दिलं. लोकांना वाटलं त्याच्यावर एसी चालतो. तर नाही, त्याच्यावर चालायचा पंखा. गाडी उन्हात उभी असताना पंखा आतली गरम हवा बाहेर ढकलत राहायचा, बस. रिमोटने एसी चालू करायची सोय होती पण ती गाडीच्या मोठ्या बॅटरीवर आणि तीही काही मिनिटांपुरती. मला ही कल्पना अतिशय आवडते. इंजिनिअर लोकांनी आधी विचारलं असणार की पन्नास-साठ वॉट एवढंच हातात आहे तर त्यातून जास्तीत जास्त काय मिळेल, आणि उत्तर आलं की गाडी थंड करू नका, फक्त तापू देऊ नका.

कारण खरी मारामारी पहिल्या दहा मिनिटांची असते. उन्हात उभ्या गाडीत आपण बसतो तेव्हा सीटबेल्टचं बक्कल हातात धरवत नाही, स्टिअरिंग दोन बोटांनी फिरवावं लागतं, डॅशबोर्डवर ठेवलेली पाण्याची बाटली उघडली तर चहा करता येईल असं पाणी. २००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी मोजलं होतं, बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात साधारण २२ अंशांनी वाढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाहेर ४४ असेल तर बाकीची बेरीज तुम्हीच करा. आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही हेही त्यांनीच दाखवलं. (लहान मुलाला "दोन मिनिटात आलेच" म्हणून गाडीत ठेवून जाऊ नका. कृपा करून. काच बोटभर खाली ठेवली म्हणजे झालं असं अजिबात नाही.)

मग ते काचेवर अडकवायचे सोलर पंखे मिळतात ते का चालत नाहीत, कारण त्यांचा हिशोबच बसत नाही. चारी बाजूच्या काचांमधून कडक उन्हात किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येते. ती हवेने बाहेर काढायची आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशच जास्त राहू द्यायचं म्हटलं तर तासाला साधारण ३०० घनमीटर हवा बदलावी लागते, म्हणजे गाडीच्या आत जेवढी हवा असते ती तासात शंभर वेळा. हे काम गाडीच्या स्वतःच्या ब्लोअरच्या तोडीचा पंखाच करू शकतो, त्याला पन्नास-शंभर वॉट लागतात. काचेवरच्या खेळण्याचं पॅनेल तळहाताएवढं. तो फिरतो, आवाज करतो, पण एवढी हवा ढकलायची त्याची ताकदच नाही. उलट टपावर १०० वॉटचं खरं पॅनेल आणि नीट बसवलेला एक्झॉस्ट पंखा, हे पेट्रोल गाडीतसुद्धा चालणारं काम आहे. मारुती, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, कुणीही हे कंपनी फिटिंग म्हणून दिलं तर मी पुढची गाडी तीच घेईन. सनरूफला आपण हजारो रुपये जास्त देतो, विदर्भात सनरूफचं काय काम आहे मला कळत नाही, त्याच जागी पॅनेल आणि पंखा द्या ना.

जगात मोठे प्रयत्नही झाले. ह्युंदाईने सोनाटा हायब्रिडवर २०० वॉटच्या आसपासचं सोलर टप दिलं, टोयोटाने जपानमध्ये प्रियस प्लग-इनवर १८० वॉटचं. नेदरलँड्सची लाईटइयर कंपनी तर टप, बोनेट, मागचा भाग सगळीकडे मिळून पाच चौरस मीटर पॅनेल लावून उतरली, किंमत अडीच लाख युरो, आणि गाडी बनायला लागल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये, दिवाळं निघालं. जर्मनीच्या सोनो मोटर्सने लगेच पुढच्या महिन्यात आपली सायन गाडी रद्द केली. वाईट वाटलं वाचून, कारण दोघांनी मनापासून काम केलं होतं.

आपल्या पुण्यात वेव्ह मोबिलिटी म्हणून स्टार्टअप आहे, त्यांची इव्हा नावाची छोटी इलेक्ट्रिक गाडी, दोन मोठी माणसं आणि एक मूल बसेल एवढी, एसी आहे, टपावर सोलर आहे. २०२३ च्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी एक्स्पोत किंमत जाहीर केली, सुरुवात ३ लाख २५ हजारांपासून. कंपनीचा दावा आहे की सोलरवर वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत मिळतील. म्हणजे दिवसाला आठ किलोमीटर. लोक ह्या आकड्याला नाक मुरडतात पण मला हा आकडा प्रामाणिक वाटतो, एवढ्या छोट्या टपावरून एवढंच निघतं, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्याला आठ किलोमीटर काही कमी नाहीत. गाडी हलकी आणि छोटी केली, आतली जागा छोटी म्हणजे एसीला थंड करायला हवाही कमी, हाच खरा रस्ता आहे. मोठ्या एसयूव्हीवर पॅनेल लावून काही होणार नाही.

आता एक अडचण सांगते जी मला सगळ्यात जास्त छळते. पॅनेलला ऊन हवं तर गाडी उन्हात लावायला लागणार. आणि गाडी उन्हात लावली की ती भट्टी होणार. सीट, डॅशबोर्ड, गाद्या, प्लास्टिक हे सगळं तापलेलं थंड करायला सुरुवातीलाच माझ्या ढोबळ हिशोबाने तिसरा हिस्सा ते अर्धं युनिट जास्त जातं. म्हणजे टपावर सव्वा युनिट कमावलं आणि त्यातलं अर्ध्या युनिटपर्यंत उन्हात उभं राहिल्याचा दंड म्हणून भरलं. कडुनिंबाखाली गाडी लावणारा माणूस काही न करता तेवढं वाचवतो.

म्हणून माझं मत असं झालंय की पॅनेल गाडीच्या टपावर नको, गाडीच्या वर उभ्या केलेल्या शेडवर पाहिजे. एका गाडीची पार्किंगची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर, थोडी शेड बाहेर काढली तर ५५० वॉटची सहा पॅनेल आरामात बसतात, ३.३ किलोवॉट. दिवसाला १२-१३ युनिट! टपावरच्या दहापट. खालून वारा जातो म्हणून पॅनेल कमी तापतं, धुवायला सोपं, अपघातात फुटायची भीती नाही, गाडी विकली तरी पॅनेल आपलंच. आणि मुख्य म्हणजे गाडी सावलीत. पेट्रोल गाडी असली तरी सावली मिळतेच आणि वीज घरात वापरली जाते, इलेक्ट्रिक असेल तर तिथेच चार्जिंग लावा, निघायच्या दहा मिनिटं आधी मोबाईलवरून एसी चालू करा, तो सगळा शेडच्या विजेवर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, घराच्या गच्चीवर जागा नसेल तर अंगणातल्या शेडचं काय करता येईल हे आपल्या व्हेंडरला नक्की विचारा.

मोठ्या पार्किंगचं तर वेगळंच. कोचीन विमानतळ २०१५ पासून सोलरवर चालतं आणि तिथे पार्किंगच्या शेडवरही पॅनेल आहेत. फ्रान्सने २०२३ मध्ये कायदाच केला, दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या पार्किंगच्या निम्म्या जागेवर सोलरचं छप्पर घालायचं. फ्रान्समध्ये! जिथे आपल्यापेक्षा कितीतरी कमी ऊन असतं अशा गावांतसुद्धा. आणि आपल्याकडे कलेक्टर ऑफिस, सरकारी दवाखाना, एमआयडीसी, मॉल, कॉलेज, सगळीकडे गाड्या रणरणत्या उन्हात उभ्या असतात. दवाखान्यातून ताप आलेलं लेकरू घेऊन आई बाहेर येते आणि त्या तापलेल्या सीटवर त्याला बसवावं लागतं. हे बदलायला कुठला मोठा शोध लागायला नको, लोखंडी खांब आणि पॅनेल दोन्ही बाजारात आहेत.

टपावरचं सोलर एका जागी मात्र खरंच शोभतं, ते म्हणजे ट्रक. माझा मावसभाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे, त्याच्याशी बोलताना हे लक्षात आलं. २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, गडकरींच्या खात्याने काढलेला नियम, फार चांगलं झालं. पण तो म्हणाला, "ताई, चालताना एसी मिळाला हे बेसच झालं, पण ड्रायव्हर झोपतो कधी? गाडी उभी असते तेव्हा ना. तेव्हा इंजिन बंद, एसी बंद." नॅशनल हायवे ५३ वर बाळापूर, मूर्तिजापूरकडे दुपारी ढाब्यावर बघा, ट्रकच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये दोरीची झोळी बांधून माणसं झोपलेली असतात, कारण केबिनमध्ये झोपणं अशक्य. नाहीतर एसीसाठी इंजिन चालू ठेवायचं, तासाला दोनेक लिटर डिझेल जाळून, मालक ते देत नाही. आणि अर्धवट झोपलेला तो माणूस रात्री वीस-पंचवीस टनांची गाडी तुमच्या-माझ्या गाडीच्या मागे चालवतो.

आता हिशोब बघा. बॅटरीवर चालणारे २४ व्होल्टचे पार्किंग एसी मिळतात, छोटी केबिन असल्याने ५०० ते ९०० वॉटमध्ये भागतं. ३२ फुटी कंटेनरचं छप्पर म्हणजे २३ चौरस मीटर, त्यावर ४ किलोवॉट बसतात, दिवसाला १५-१६ युनिट. झोपेचे सहा तास एसी चालवला तरी चार-पाच युनिट. भरपूर उरतात! काचेच्या पॅनेलचं वजन होतं पण आता पातळ, वाकणारी पॅनेल येतात, ती पत्र्याला चिकटवता येतात. ताडपत्रीवाल्या उघड्या ट्रकला मात्र छप्पर नसतं, तिथे केबिनच्या टपावर ४०० वॉट बसले तरी दीडेक युनिट, म्हणजे दुपारच्या झोपेपुरता तरी एसी. मावसभावाने एका गाडीवर हे करून बघायचं ठरवलंय, पॅनेल, लिथियम बॅटरी आणि पार्किंग एसी मिळून कोटेशन मागवलंय, बॅटरीचाच खर्च सगळ्यात जास्त येतोय. डिझेल किती वाचतं आणि ड्रायव्हर काय म्हणतो हे तो लिहून ठेवणार आहे, उन्हाळा संपला की आकडे इथे टाकते. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणी ट्रकवर किंवा इलेक्ट्रिक गाडीवर असं काही केलं असेल तर पॅनेल किती वॉटचं, बॅटरी किती आणि गाव कुठलं एवढं तरी कॉमेंटमध्ये लिहा.